कापाब्लांका आणि मार्शल : एका डावाची कथा

बुद्धिबळाचा डाव हा वस्तुतः डोळ्यांनीं पाहण्याचा विषय आहे. तो नुसता कानांनीं ऐकून समजावा अशी अपेक्षा करणें थोडें धाडसाचेंच होय. तथापि ज्या घरांत रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर पट मांडला जातो, त्या घरांतील मंडळींना घोड्याचीं अडीच घरें किंवा उंटाची तिरकी धांव नव्यानें सांगावी लागत नाहीं. अशा श्रोत्यांनीं क्षणभर मनांतल्या मनांत पट मांडावा, पांढरीं मोहरीं आपल्या बाजूस घ्यावीं, आणि १९१८ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २३ तारखेस न्यूयॉर्क शहरांत खेळल्या गेलेल्या एका डावाकडे लक्ष द्यावें. ज्यांना खेळ येत नाहीं त्यांनींही कंटाळूं नये. या डावांत मोहऱ्यांच्या चालींइतकीच दोन माणसांच्या स्वभावांची गोष्ट आहे, आणि ती समजण्यास पट लागत नाहीं.

या डावाविषयीं एक चमत्कारिक गोष्ट आरंभींच सांगितली पाहिजे. सामान्यतः जगांत जिंकणाराचें नांव राहतें आणि हरणाराचें विसरलें जातें. हा डाव जिंकला होझे राऊल कापाब्लांका यानें. परंतु ज्या आरंभानें डाव सुरू झाला, त्या आरंभाला सर्व देशांतील बुद्धिबळाच्या पुस्तकांत नांव मिळालें तें हरलेल्या फ्रँक मार्शलचें. ज्या हत्यारानें मनुष्य हरला, त्याच हत्यारावर त्याचें नांव कोरलें जावें, हें कसें घडलें तें पाहण्यासारखें आहे.

प्रथम त्या दोघांची ओळख करून घेतली पाहिजे. कापाब्लांका हा क्यूबा बेटांतील हवाना शहराचा. त्याचा जन्म १९ नोव्हेंबर १८८८ रोजीं झाला. वडील खेळत असतां शेजारीं बसून पाहतां पाहतां आपण चवथ्या वर्षीं हा खेळ शिकलों, असें तो स्वतः सांगत असे. पुढें त्याच्या खेळाचें जें वैशिष्ट्य म्हणून गाजलें त्याचें बीज येथेंच दिसतें. त्यानें पुस्तकें फारशीं घोकलीं नाहींत. पटाकडे पाहिलें कीं कोणतें मोहरें कोठें असावें हें त्याला सहज कळे. त्याच्या खेळांत आदळआपट नव्हती. पाणी उताराकडे वाहावें तसा त्याचा डाव विजयाकडे वाहत जाई.

मार्शलचा पिंड अगदीं निराळा. त्याचा जन्म १० ऑगस्ट १८७७ चा, न्यूयॉर्क येथला, म्हणजे तो कापाब्लांकाहून अकरा वर्षांनीं मोठा. १९०४ सालीं केंब्रिज स्प्रिंग्ज येथें जगज्जेता लास्कर खेळत असतांना मार्शलनें एकही डाव न गमावतां पहिलें स्थान पटकाविलें होतें. हल्ला करणें हा त्याचा स्वभावधर्म होता. सुरक्षित पण नीरस अशा विजयापेक्षां दोन मोहऱ्यांचा बळी देऊन मिळविलेली मात त्याला अधिक प्रिय असे, आणि अशा खेळाची किंमत त्याला अनेकदां पराभवानें मोजावी लागे.

या दोघांची पहिली मोठी गांठ १९०९ सालीं पडली. त्या वेळीं मार्शल हा नांवाजलेला खेळाडू होता, आणि कापाब्लांका वीस वर्षांचा तरुण होता. हा सामना मार्शल सहज जिंकील असें पुष्कळांना वाटत होतें. तेवीस डाव झाले. त्यांपैकीं कापाब्लांकानें आठ जिंकले, मार्शलनें एक, आणि चौदा बरोबरीत सुटले. इतका स्पष्ट पराभव, तोही अकरा वर्षांनीं लहान असलेल्या मुलाकडून! दुसरा कोणी असता तर त्यानें आयुष्यभर आकस धरला असता. मार्शलनें काय केलें? १९११ सालीं स्पेनमधील सान सेबास्तियान येथें मोठी स्पर्धा भरली. पूर्वीच्या मोठ्या स्पर्धांत यश मिळविलेल्या खेळाडूंनाच तींत प्रवेश होता, व त्या अटीनें कापाब्लांका बाहेर राहत होता. त्या वेळीं त्याला प्रवेश मिळावा म्हणून आग्रह धरणारा मनुष्य मार्शल होता. बर्नस्टाइनसारख्या खेळाडूनें त्यास हरकत घेतली. पहिल्याच फेरींत कापाब्लांकानें बर्नस्टाइनला हरविलें, आणि अखेर स्पर्धाही जिंकली. पुढें १९१३ सालीं हवाना येथें, कापाब्लांकाच्या स्वतःच्या गांवीं, मार्शलनें अर्ध्या गुणाच्या फरकानें त्याला मागें टाकून पहिलें बक्षीस घेतलें. एवंच त्यांच्यामध्यें चुरस होती, परंतु वैर नव्हतें.

आतां १९१८ कडे वळावें. युरोपांतील महायुद्ध संपावयास अवघे तीन आठवडे उरले होते. इन्फ्ल्युएन्झाच्या साथीनें त्याच महिन्यांत न्यूयॉर्क शहरांत कहर मांडला होता. युरोपांतील मोठ्या स्पर्धा चार वर्षें जवळजवळ बंदच पडल्या होत्या, आणि युद्धामुळें इकडे तिकडे विखुरलेले कांहीं खेळाडू अमेरिकेंत येऊन पोहोंचले होते. अशा दिवसांत न्यूयॉर्क येथें सात खेळाडूंची एक स्पर्धा भरली. सर्बियाचा कोस्टिच होता, यानोव्हस्की होता, चायेस होता. या ऑस्कर चायेसकडून १९१६ च्या आरंभीं कापाब्लांका एक डाव हरला होता. त्यानंतर तो कोणाकडूनही हरला नव्हता. पुढें १९२४ पर्यंत तो स्पर्धेंत एकही डाव हरणार नव्हता, हें मात्र त्या दिवशीं कोणास ठाऊक असणार?

पहिल्याच फेरींत कापाब्लांका आणि मार्शल समोरासमोर आले. पांढरीं मोहरीं कापाब्लांकाकडे होतीं.

पांढऱ्यानें राजापुढचें प्यादें दोन घरें पुढें सारलें. आपल्याकडील जुन्या देशी पद्धतींत प्यादें पहिल्या चालीलाही एकच घर जात असे. युरोपीय पद्धतींत त्याला पहिल्या वेळीं दोन घरें जाण्याची मुभा आहे, आणि त्यामुळें लढाई लवकर जुंपते. काळ्यानेंही राजापुढचें प्यादें दोन घरें सारलें. पांढऱ्याचा राजाकडील घोडा बाहेर पडला व त्यानें काळ्याच्या त्या प्याद्यावर नजर ठेविली. काळ्यानें वजिराकडील घोडा काढून प्याद्याला आधार दिला. तेव्हां पांढऱ्यानें राजाकडील उंट पांचव्या ओळींत नेऊन, आधार देणाऱ्या त्या घोड्यावर रोखला.

या आरंभास स्पॅनिश आरंभ म्हणतात. त्याचें दुसरें नांव रुय लोपेझ. स्पेनमधील झाफ्रा गांवच्या या धर्मोपदेशकानें १५६१ सालीं बुद्धिबळावर पुस्तक लिहिलें व या आरंभाचा त्यांत विचार केला. यांतील कल्पना साधी पण खोल आहे. प्याद्यावर सरळ हल्ला करण्याऐवजीं प्याद्याच्या राखणदारावर दडपण आणावयाचें. भिंत पाडण्यापूर्वीं तिचा टेकू हलवावा, तसाच हा प्रकार आहे. चार-साडेचार शतकें हा आरंभ टिकून आहे. कारण त्यांत पांढऱ्याला घाई न करतां वर्चस्व मिळवितां येतें. अशा संथ वर्चस्वांत कापाब्लांकाचा हात धरणारा कोणी नव्हता.

पुढील चाली नेहमींच्याच झाल्या. काळ्यानें कडेचें प्यादें सारून उंटाला हटविलें. उंट एक घर मागें आला. दोन्ही बाजूंचीं मोहरीं बाहेर पडलीं, दोघांनींही किल्ला करून आपापले राजे कोपऱ्यांत सुरक्षित ठेविले. काळ्यानें पुन्हां एक प्यादें सारून उंटाला तिसऱ्या ओळींत लोटलें. परंतु तेथूनही त्या उंटाची दृष्टि तिरकी थेट काळ्या राजाच्या शेजारच्या प्याद्यावर पोहोंचत होती. आठव्या चालीस पांढऱ्यानें वजिराकडील उंटापुढचें प्यादें एक घर सारलें. हेतु उघड होता. पुढल्या चालीस वजिरापुढचें प्यादें दोन घरें पुढें काढावयाचें, आणि पटाचा मध्यभाग ताब्यांत घ्यावयाचा. अशा वेळीं काळ्यानें आपलें तेंच प्यादें एक घर सारून निमूटपणें बचाव करावा, अशी त्या काळची रूढि होती.

मार्शलनें तसें केलें नाहीं. त्यानें वजिरापुढचें प्यादें एकदम दोन घरें पुढें ढकललें, आणि पांढऱ्याला सरळ आव्हान दिलें.

या एका चालीचा अर्थ असा कीं काळा एक प्यादें फुकट देत आहे. पांढऱ्यानें तें मारावें, काळ्याच्या घोड्यानें मारणाऱ्यास मारावें, मग काळ्याचें राजापुढचें प्यादें अधांतरीं राहतें, तें पांढऱ्याच्या घोड्यानें खावें. घोड्यास घोडा जावा, आणि अखेर पांढऱ्याचा हत्ती पटाच्या मध्यावर येऊन थबकावा. हिशेबानें पांढऱ्याला एक प्यादें जास्त. परंतु तेवढ्या वेळांत पांढऱ्याच्या वजिराकडील घोडा, उंट व हत्ती हीं तिन्ही मोहरीं अजून घरांतच बसलेलीं असतात. राजाजवळचा रक्षक घोडा पटावरून गेलेला असतो. आणि काळ्याचे दोन्ही उंट व वजीर त्या उघड्या राजाकडे धांव घेण्यास मोकळे असतात. प्यादें गेलें, पण वेळ हातीं आला. बुद्धिबळांत वेळ ही संपत्तिच आहे.

कापाब्लांकाच्या तत्काळ लक्षांत आलें कीं ही क्षणाची लहर नव्हे. मार्शल घरून सर्व तयारी करून आला आहे. पुढच्या दहा-बारा चालींतील प्रत्येक वाट त्यानें रात्री जागवून तपासलेली आहे, आणि आपण मात्र ती प्रथमच पाहत आहों. नेमलेल्या पुस्तकाबाहेरचा प्रश्न परीक्षेंत अचानक समोर यावा, आणि प्रश्न काढणारा समोरच बसलेला असावा, तशी ही अवस्था होती. प्यादें नाकारून शांत चाल करण्याची वाट त्याला मोकळी होती. तो जगज्जेतेपदाकडे दृष्टि लावून बसलेला, दोन वर्षें अजिंक्य राहिलेला खेळाडू. त्यानें सावधगिरी पत्करली असती तर त्यास कोणी नांवें ठेविलीं नसतीं.

त्यानें थोडा वेळ विचार केला आणि प्यादें घेतलें. या निर्णयाचें कारण त्यानें पुढें या डावावरील आपल्या टिपणांत सांगून ठेविलें आहे. आपल्यावर भयंकर हल्ला होणार हें त्याला कळत होतें. परंतु हें आव्हान आपल्या विवेकबुद्धीला व कौशल्याला आहे, तेव्हां तें स्वीकारणें हा आपल्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, असें त्याच्या मनानें घेतलें. त्याबरोबरच, आपली बाजू नीट राखल्यास टिकेल असा पटाकडे पाहून त्याचा निर्णय झाला होता. हा दुसरा भाग विसरतां कामा नये. नुसत्या अभिमानानें त्यानें उडी घेतली नाहीं. विवेकानें परवानगी दिल्यावर घेतली.

आणि हल्ला आला. मार्शलचा घोडा राजाच्या बाजूस वळला, उंट पांढऱ्या राजाच्या दाराकडे रोखला गेला. घोड्यानें आणखी जवळ येऊं नये म्हणून पांढऱ्यानें कडेचें प्यादें एक घर सारलें. तों मार्शलनें घोडा नेमका त्याच मज्जाव केलेल्या घरीं, प्याद्याच्या तोंडीं नेऊन उभा केला! तो मारला तर काळ्याचा वजीर आंत शिरून राजाची दुर्दशा करतो. कापाब्लांकानें त्याला हात लावला नाहीं. त्यानें वजीर बाहेर काढून राजाच्या मदतीस आणला. काळ्याचा वजीरही कडेला येऊन हल्ल्यांत सामील झाला.

या ठिकाणीं एक सुंदर सांपळा होता. पांढऱ्याला आपला हत्ती थेट काळ्याच्या शेवटच्या ओळींत घुसवितां येत होता, आणि वरवर पाहतां ती चाल मोठी जोरदार दिसते. परंतु काळ्यानें उंट एक घर बाजूस काढून वजिरावर रोखला असता, आणि मग पांढऱ्याच्या पहिल्या ओळींत कोणी राखणदार उरला नसल्यामुळें त्याचाच डाव कोसळला असता. कापाब्लांकानें ती चाल केली नाहीं. त्यानें शांतपणें वजिरापुढचें प्यादें दोन घरें सारलें आणि आपल्या कोंडलेल्या उंटाला वाट करून दिली. भोंवतीं आग लागली असतां घरांतील निजलेल्या माणसांस प्रथम जागें करावें, तसें हें झालें.

मार्शलनें घोड्यानें राजाशेजारचें प्यादें मारलें. पुन्हां तोच मोह! वजिरानें घोडा मारावा असें कोणासही वाटेल. त्यावर काळ्यानें उंट लगेच वजिरावर रोखण्याची घाई केली, तर पांढऱ्याजवळ एक अफलातून उत्तर तयार होतें : वजिराचा बळी देऊन राजाशेजारचें प्यादें मारावयाचें, आणि हत्तीनें शेवटच्या ओळींत मात द्यावयाची. परंतु काळ्यानें आधीं उंटानें शह देऊन पांढऱ्या राजास कोपऱ्यांतून एक घर सरकविलें असतें, तर तें उत्तर साफ फसलें असतें. कारण मग वजीर मारणाऱ्या काळ्या हत्तीचाच शह पांढऱ्या राजास बसला असता. एका घराच्या फरकानें मात देणाराच अडचणींत! असल्या बारीक भेदांवर हा डाव उभा होता, आणि ते भेद मार्शलला घरीं बसून ठाऊक झालेले होते. कापाब्लांकाला ते घड्याळ चालू असतां पटावर शोधावे लागत होते.

त्यानें घोडा मारला नाहीं. हत्ती एक घर पुढें घेऊन आपल्या दुसऱ्या ओळीचें रक्षण केलें. मार्शलनें दुसरा उंटही प्याद्याच्या तोंडीं दिला. तो मात्र पांढऱ्यानें घेतला. मग शहामागून शह सुरू झाले. काळ्या वजिरानें पार कोपऱ्यांत शिरून राजाला बाहेर खेंचलें. हत्ती गेला. परंतु धुराळा खालीं बसल्यावर हिशेब पाहिला तर पांढऱ्यानें एका हत्तीच्या मोबदल्यांत एक घोडा व एक उंट मिळविला होता, आणि प्यादीं दोघांचींही सहा-सहा होतीं. म्हणजे लाभ पांढऱ्याचा होता. राजा मात्र भर मैदानांत उघडा पडला होता.

यानंतरचा भाग रसिकांनीं मुद्दाम पटावर मांडून पाहावा. किल्ल्यांतून बाहेर ओढला गेलेला पांढरा राजा परत किल्ल्याकडे धांवला नाहीं. तो एकेक घर चालत, चार चालींत, राजाच्या बाजूकडून वजिराच्या बाजूकडे गेला, आणि तेथील आपल्या प्याद्यांच्या आडोशास उभा राहिला. प्रत्येक पावलास शह बसण्याचें भय होतें, परंतु एकही पाऊल वांकडें पडलें नाहीं. तो तेथें पोहोंचला तेव्हां मार्शलचें सारें सैन्य चुकीच्या जागीं जमलें आहे असें दिसून आलें. काळा वजीर आणि काळा उंट पांढऱ्या राजानें सोडलेल्या ओसाड घरांतच अडकून पडले होते. ज्याच्यावर हल्ला करावयाचा तो पटाच्या दुसऱ्या टोकास निघून गेला होता!

आतां खेळाचा रंग पालटला. कापाब्लांका आपल्या आवडत्या संथ मार्गावर आला. वजिराकडील प्यादीं पुढें सरकूं लागलीं. कडेचें एक प्यादें मारामारींत शेजारच्या पट्टींत शिरलें, आणि तेथून एकेक घर चढत सातव्या ओळीस पोहोंचलें. आणखी एक घर गेलें कीं त्याचा वजीर होणार. मार्शलनें हत्ती पुढें घालून शेवटचा प्रयत्न केला. छत्तिसाव्या चालीस कापाब्लांकानें उंटानें राजाशेजारचें प्यादें मारून शह दिला, आणि काळ्यानें कांहींही केलें तरी पांच चालींत मात आहे असें जाहीर केलें. ज्या प्याद्याकडे तो उंट आठव्या चालीपूर्वींपासून टक लावून होता, तेंच हें प्यादें. डाव तेथेंच संपला. पुढें ती स्पर्धाही कापाब्लांकानें जिंकली. कोस्टिच दुसरा आला, मार्शल तिसरा.

या डावाभोंवतीं एक आख्यायिका वाढली आहे. १९०९ च्या पराभवानंतर मार्शलनें हा हल्ला शोधून काढला, आणि केवळ कापाब्लांकाकरितां म्हणून तो आठ-नऊ वर्षें कोणास न दाखवितां जपून ठेविला, असें सांगतात. गोष्ट मोठी चटकदार आहे, म्हणूनच ती टिकली. परंतु बुद्धिबळाच्या इतिहासाचे अभ्यासक ती जशीच्या तशी मानीत नाहींत, आणि सुज्ञ श्रोत्यांनींही ती मानण्याची आवश्यकता नाहीं. तयारी नऊ वर्षांची असो वा नऊ रात्रींची असो, ती तयारी होती, आणि ती पटावर तयार केलेल्या उत्तरापुढें हरली, एवढें निर्विवाद आहे.

मग हरलेल्या चालीला मार्शलचें नांव कां राहिलें? त्याचें उत्तर असें कीं डाव हरला, पण कल्पना हरली नाहीं. हल्ला चुकीचा नव्हता. त्याच्या मांडणींत एक उणीव होती. पांढऱ्याचा हत्ती मध्यावर आला तेव्हां मार्शलनें आपला घोडा मध्यभागांतून काढून राजाच्या बाजूस वळविला होता. पुढें विचाराअंतीं असें ठरलें कीं तो घोडा तेथेंच ठेवावा, आणि वजिराकडील उंटापुढचें प्यादें एक घर सारून त्याला भक्कम आधार द्यावा. ही सुधारणाही मार्शलनेंच पुढें आणली. ज्या डावानें आपली फजिती झाली तो डाव त्यानें अडगळींत टाकला नाहीं. तो पुन्हां पटावर मांडला, चूक कोठें झाली तें पाहिलें, आणि दुरुस्त केलें. शाळेंत उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर नुसते गुण पाहून ती दप्तरांत कोंबणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. तांबड्या खुणा वाचून गणित पुन्हां सोडविणारा एखादाच. मार्शल हा त्या जातीचा होता.

त्या दुरुस्त रूपांत हा हल्ला पुढें मोठमोठ्यांचें शस्त्र झाला. १९६५ सालीं तिबिलिसी येथें बोरिस स्पास्कीनें मिखाइल टालसारख्या वादळी खेळाडूविरुद्ध त्याचा आधार घेतला, आणि तो सामना जिंकला. १९९३ सालीं कास्पारोव्हनें शॉर्टविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांत आठव्या चालीस वेगळेंच प्यादें सारून हा हल्ला होऊंच दिला नाहीं. १९१८ सालीं कापाब्लांकानें न टाळलेली गोष्ट कास्पारोव्हनें टाळणें योग्य समजलें, यांतच त्या हल्ल्याची योग्यता दिसते.

याहून बोलकी गोष्ट २००४ सालची. स्वित्झर्लंडमधील ब्रिसागो येथें जगज्जेता क्रामनिक आणि पेटर लेको यांचा चौदा डावांचा सामना झाला. आठव्या डावांत लेकोनें काळ्या मोहऱ्यांनीं मार्शलचा हल्ला केला. या वेळीं घरची तयारी पांढऱ्याची होती. क्रामनिक व त्याचे साहाय्यक यांनीं गणकयंत्राच्या मदतीनें एक लांबलचक वाट आधींच आंखून ठेविली होती, आणि क्रामनिक त्या वाटेनें भरभर चालत गेला. परंतु यंत्राला त्या स्थितीचा पुरता विचार करूं दिलेला नव्हता. शेवटीं लेकोनें पटावर बसून विचार केला, वजिराची एक चाल शोधली, आणि ती सारी तयारी उधळून लावली. सात तपांहून अधिक काळ लोटला होता, बाजू उलटल्या होत्या, परंतु शिकवण तीच होती. पुढें चौदावा डाव जिंकून क्रामनिकनें सामना बरोबरींत सोडविला व आपलें पद राखलें.

यावरून तयारी करूं नये असा अर्थ कोणी काढूं नये. तयारी नसती तर मार्शलचा हल्ला जन्मलाच नसता. परंतु पाठ केलेलें ज्ञान संपतें त्या ठिकाणीं मनुष्याची खरी परीक्षा सुरू होते. अशा वेळीं घाबरून वाट सोडूं नये, आणि मोहानें उडीही घेऊं नये. समोर काय आहे तें नीट पाहावें, आणि एकेक पाऊल जपून टाकावें. कापाब्लांकाच्या त्या राजानें उघड्या मैदानांतून चार पावलें टाकलीं, तीं अशींच होतीं.

पुढें १९२१ सालीं हवाना येथें लास्करला एकही डाव न गमावतां हरवून कापाब्लांका जगज्जेता झाला. मार्शल १९०९ पासून १९३६ पर्यंत अमेरिकेचा विजेता राहिला, आणि १९१५ सालीं न्यूयॉर्क येथें त्यानें सुरू केलेला क्लब त्याच्या नांवानें प्रसिद्ध झाला. १९४२ च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन चेस क्लबांत डाव पाहत असतांना कापाब्लांका एकाएकीं कोसळला, आणि दुसऱ्या दिवशीं, ८ तारखेस, वारला. १९४४ च्या ९ नोव्हेंबरला मार्शलही गेला. दोघेही गेले, पण आजही कोणी काळीं मोहरीं घेऊन आठव्या चालीस तें प्यादें दोन घरें पुढें ढकलतो, तेव्हां मार्शलचें नांव घेतलें जातें, आणि पांढरीं मोहरीं घेऊन बसलेल्यास, तें घ्यावें कीं न घ्यावें, हा कापाब्लांकाचा प्रश्न पुन्हां सोडवावा लागतो.